डाव्या हाताची तीन बोटं उललीत, रेशमी साडीला हात लावायची भीती वाटते

फॉलपिको_नंदनवन · 4 डिसेंबर, रात्री 10:50

नमस्कार. मी नागपूरला नंदनवनात राहते, वय 46. घरीच फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. या कामाला 19 वर्षं झाली. भर लग्नसराईत बोटांनी घात केला आहे, म्हणून रात्री जागून हे लिहून राहिले.

दिवाळीच्या आठेक दिवस आधी डाव्या अंगठ्याचं टोक खरखरीत झालं. कातडी जाड आणि कोरडी, जुन्या रबरासारखी. मग तिला भेग पडली. पुढच्या आठवड्यात त्याच हाताची तर्जनी उलली, मग मधलं बोट. भेगा दिसायला बारीक आहेत पण खोल आहेत. नखाच्या कोपऱ्यात एक आहे, ती तर ब्लेडने कापल्यासारखी. लिंबू पिळलं की डोळ्यांत पाणी येतं. पहाटे नळाच्या गार पाण्यात हात घातला की बोट ठणकत राहतं. उजवा हात मात्र बराच बरा आहे.

माझं काम कसं असतं ते सांगते, म्हणजे अडचण कळेल. फॉल लावताना डाव्या हाताने काठ सपाट धरायचा आणि अंगठ्याने सुरकुती काढत काढत पुढे सरकायचं. डोळ्यांपेक्षा बोटालाच कापड जास्त कळतं. सूत कुठे ओढलं गेलंय, फॉल कुठे झोल खातोय, हे आधी अंगठा सांगतो. आता अंगठा फिरवला की शिफॉनचा धागा कातडीत अडकतो आणि टर्र असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की माझं काळीज थांबतं. साडी दुसऱ्याची असते.

मागच्या शनिवारी व्हायचं ते झालंच. एक गिऱ्हाईक तिच्या आईची टसर साडी घेऊन आली होती, फिकट मधाच्या रंगाची, लाल करवती काठाची. भंडाऱ्याकडची, हातमागाची. तिच्या मुलीच्या लग्नात नेसायची म्हणून जुना फॉल काढून नवा लावायचा होता. अशा साडीला मी मशीन लावत नाही, हातानेच टाके घालते. भेग कधी फुटली ते कळलं नाही. घडी करताना पदराच्या आतल्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसला. लगेच गार पाण्याचा कापूस लावून, न घासता, टिपून टिपून काढला. तरी उजेडात धरलं तर पुसट सावली दिसते. मी तिला फोन करून सांगितलं. ती बिचारी काही बोलली नाही, "आतल्या बाजूला आहे ना, जाऊ द्या" म्हणाली. पण मला रात्रभर झोप आली नाही. 19 वर्षांत माझ्या हातून कोणाच्या साडीला डाग लागला नव्हता. तेव्हापासून दोन पैठण्या आणि एक ऑर्गन्झा परत पाठवली.

काय काय करून पाहिलं: खोबरेल (सध्या बाटलीत थिजलेलंच असतं, चुलीजवळ ठेवावं लागतं), दुधाची साय, मेण आणि तिळाच्या तेलाचं मलम, पेट्रोलियम जेली. रात्री लावलं की सकाळी मऊ वाटतं, दुपारपर्यंत परत तसंच. मेडिकल स्टोअरवाल्याने एक ट्यूब दिली, तिच्यात तीन-चार औषधं एकत्र होती. आठ दिवसांत बोट गुळगुळीत झालं, मला वाटलं सुटले. ट्यूब संपली आणि आधीपेक्षा जास्त उललं. पातळ रबरी हातमोजेही घालून पाहिले, त्यांनी काही फरक पडला नाही.

कोणी म्हणतं थंडी, कोणी म्हणतं बोअरचं पाणी. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे. भांडी मी बोअरच्या पाण्यानेच घासते, साबणाला फेस येत नाही इतकं ते जड आहे. बाकी घरचं सगळं असतंच: स्वयंपाक, कपडे, रात्री जावेच्या मेसचा लसूण सोलणं, धाकट्याचे डबे. रेशन दुकानात परवा अंगठाही लागला नाही, तीनदा पुसून लावला.

साखर तपासली, नाही आहे. पायांना भेगा नाहीत. कोणाला असं झालं होतं का? कशाने गेलं?

---

मालवणची_लेक_नागपूरची_सून · 4 डिसेंबर, रात्री 11:25

ताई, मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच डिसेंबरात माझे ओठ, टाचा, बोटं सगळं फुटलं होतं. आमच्याकडे समुद्रामुळे हवेत ओल असते, नागपूरच्या थंडीत ती अजिबात नाही. आईने कोकमतेल पाठवलं. ते घट्ट वडीसारखं असतं, चमच्यात जरा गरम करून भेगेत भरायचं आणि वर जुना सुती मोजा चढवून झोपायचं. माझं चार रात्रींत भरलं होतं. तुम्ही सीताबर्डीत शोधा, नाही मिळालं तर मी देईन, माझ्याकडे दोन वड्या आहेत.

---

काटोलचा_बागायतदार · 5 डिसेंबर, सकाळी 6:40

ताई, तुमचं वाचून आमच्या बायांची आठवण आली. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली का संत्री निवडून, पुसून, पेट्या भरणाऱ्या बायांचे हात असेच होतेत. थंडी तं सगळ्यांनाच असते, पण झाडाखाली नुसते मोजून राहिले त्यांचे हात चांगले, अन् फळ हाताळणाऱ्यांचेच उलतेत. सालीतलं तेल लागते ना दिवसभर. माह्या मायचे हात जन्मभर तसेच होते, आम्ही समजो का म्हातारपणाने झाले. तोडणी संपली का फागुनात आपोआप बरे होत, हे कोणी ध्यानातच घेतलं नाही. तुमच्या कामातही असं काही लागत असन. कापडावरची कांजी, रंग, काही तरी. पाहा बरं.

---

वायरमन_हिंगणा · 5 डिसेंबर, दुपारी 1:15

मी इलेक्ट्रिकचं काम करतो, हात फाटणं रोजचंच. सरळ फेव्हिक्विकचा एक थेंब भेगेत टाकायचा आणि दोन्ही कडा दाबून धरायच्या. पाच सेकंदांत बंद. दुखणं थांबतं आणि काम चालू राहतं. तीन वर्षांपासून करतोय.

---

त्वचा_ओपीडीची_नर्स · 5 डिसेंबर, रात्री 9:05

आधी फेव्हिक्विकबद्दल, कारण ताई कापडात काम करतात. हा गोंद सुताला किंवा कापसाला लागला की एकदम तापतो, भाजण्याइतका तापतो. बोटाला कापसाचे तंतू चिकटलेले असतात, मांडीवर सुती कापड असतं. एक थेंब ओघळला तरी भाजेल. दवाखान्यात जखमेसाठी वापरतात तो गोंद याच जातीचा असला तरी वेगळा बनवलेला असतो. हा मुळात कातडीसाठी नाही. शिवाय आत घाण राहून वरून भेग बंद झाली तर पू होतो. भाऊ, तुम्हीही सोडा.

ताई, आता तुमच्याबद्दल. मी 11 वर्षं त्वचारोग विभागात काम करते. मी डॉक्टर नाही, पण अशी बोटं रोज पाहते. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. थंडी, साबण, जड पाणी हे सगळं खरं आहे. तळहाताला आणि बोटांच्या टोकांना तेलाच्या ग्रंथीच नसतात, फक्त घामाच्या असतात, म्हणून तिथली कातडी कोरडी पडली की स्वतःहून लवकर सावरत नाही. साबण अल्कधर्मी आणि कातडी किंचित आम्लधर्मी, त्यामुळे साबणाने जे काही स्निग्ध असतं तेही धुऊन जातं. पण हे सगळं दोन्ही हातांना लागतं. भांडी तुम्ही दोन्ही हातांनी घासता. मग उजवा हात बरा कसा?

आणि तुम्ही डाव्या हाताने कापड 19 वर्षं धरताय. मागची 18 वर्षं काही झालं नाही.

म्हणून मला दोनच गोष्टी सांगा. दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात किंवा कामात नवीन काय सुरू झालं? आणि तो लसूण किती असतो, कसा सोलता?

---

फॉलपिको_नंदनवन · 5 डिसेंबर, रात्री 10:30

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

लसूण रोज दोन किलो असतो. माझ्या जावेची सावजी जेवणाची मेस आहे, मसाल्याला लसूण फार लागतो. त्यांची सोलणारी बाई दसऱ्याला काम सोडून गेली, तेव्हापासून रात्री जेवणं झाल्यावर मी सोलून देते. जाऊ पैसेही देते, मला नको होते तरी देते. कुडी डाव्या हाताच्या तीन बोटांत धरते आणि उजव्या हातात छोटी सुरी असते. हीच तीन बोटं. मी लिहिताना तो लसूण घरकामाच्या यादीत टाकून दिला, कारण लसणाने काही होत असेल हे मनातच आलं नाही. लसूण तर औषध म्हणून लावतात ना?

पण मोजे घालून सोलला तेव्हाही त्रास झाला होता. मग लसूण कसा असेल?

---

त्वचा_ओपीडीची_नर्स · 5 डिसेंबर, रात्री 11:10

मोज्यांनी फरक न पडल्याने माझा संशय उलट वाढला. लसणात डायअॅलिल डायसल्फाइड नावाचा पदार्थ असतो, ज्यांना लसणाची ॲलर्जी होते त्यांना बहुतेक याचीच होते. तो पातळ रबरी मोज्यातून आरपार जातो, दवाखान्यातल्या निळ्या नायट्राइल मोज्यांतूनही जातो. आत हाताला घाम, त्यात तो पदार्थ, म्हणजे तुम्ही लसूण बोटाला बांधूनच बसल्यासारखं. उजव्या हाताने चिरणाऱ्या लोकांत डावा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढीच टोकं कोरडी, जाड आणि भेगाळलेली, हे त्याचं ओळखीचं रूप आहे. आमच्याकडे हॉटेलातले स्वयंपाकी आणि मसाले करणाऱ्या बाया अशा येतात.

ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसत नाही. थोडा थोडा लसूण तुम्ही आयुष्यभर सोललात, काही झालं नाही. रोज दोन किलो, त्यात कोरड्या हवेने उललेली कातडी, म्हणजे आत शिरायला वाट मोकळीच.

तरी मी इथून नक्की सांगू शकत नाही. भेगांचं कारण दुसरंही असू शकतं: सोरायसिस असतो, एका हाताला बुरशी असते, शिवणकामात टाचण्या-कात्रीतल्या निकेलचीही ॲलर्जी होते. त्यासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, मग एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स, तिन्ही ठिकाणी त्वचारोग विभाग आहे. पॅच टेस्टची सोय आणि तिचा वार आधी खिडकीवर विचारून घ्या.

घरी कृपा करून लसूण लावून तपासू नका. कच्चा लसूण कातडीवर बांधून ठेवला की भाजल्यासारखे फोड येतात, ॲलर्जी नसलेल्यांनाही येतात. चामखिळीवर, नायट्यावर लसूण बांधून भाजून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि ती ट्यूब परत घेऊ नका. आठ दिवसांत गुळगुळीत आणि मग दुप्पट, म्हणजे त्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड वाईट नसतं, डॉक्टर स्वतः देतील कदाचित, पण किती दिवस आणि कसं कमी करायचं हे त्यांनी सांगायला हवं.

तोवर उद्यापासून लसूण पूर्ण बंद. कमी करून चालणार नाही. बोट लाल होऊन सुजलं, ठणका वाढला किंवा पू दिसला तर वाराची वाट न पाहता जा.

---

निवृत्त_मास्तर_महाल · 6 डिसेंबर, सकाळी 8:20

औषधाचं मला कळत नाही, पण रेशनच्या अंगठ्याचं सांगतो. आधारमध्ये आपल्या दहाही बोटांचे ठसे असतात, अंगठाच लागला पाहिजे असा नियम नाही. तुमचा उजवा हात चांगला आहे, तर दुकानदाराला उजवी तर्जनी किंवा अनामिका लावून पाहू द्या. माझं नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं असंच झालं होतं. 40 वर्षं खडूने बोटं घासली गेली, थंडीत तर ठसा उमटतच नाही. पूर्वी ट्रेझरीत चकरा माराव्या लागत. आता जीवन प्रमाणसाठी मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं, 2021 च्या नोव्हेंबरपासून ती सोय आहे. तुमच्या सासूबाईंना पेन्शन असेल तर त्यांच्याही उपयोगी पडेल.

---

काटोलचा_बागायतदार · 6 डिसेंबर, रात्री 7:50

नर्सताई, म्हणजे माह्या मायलेही संत्र्याचीच ॲलर्जी असन का? ती तं जाऊन 9 वर्षं झाली. पण आता माही बायको पेट्या भरते, तिच्याही बोटाले सुरू झालं आहे.

---

त्वचा_ओपीडीची_नर्स · 6 डिसेंबर, रात्री 9:30

भाऊ, आईंचं आता सांगता येणार नाही. पण संत्र्याच्या सालीत लिमोनिन असतं, ते हवा लागून जुनं झालं की काही लोकांना त्याची ॲलर्जी होते. नुसत्या चोळण्याने, रसाने, ओलाव्यानेही कातडी जाते. तुम्ही तोडणीनंतर हात आपोआप बरे होतात असं लिहिलंत, ते डॉक्टरांना शब्दशः सांगा. अशा गोष्टीवरूनच कारण सापडतं. वहिनींना यंदाच आणा, आईंसारखा फागुन यायची वाट पाहू नका.

---

फॉलपिको_नंदनवन · 4 जानेवारी, दुपारी 3:40

एक महिना झाला. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांना आधी नमस्कार, आता काय झालं ते सांगते.

सगळ्यात अवघड गेलं ते जावेला सांगणं. तिची मेस, तिची नड, आणि मी म्हणणार की तुझ्या लसणाने माझे हात गेले. दोन दिवस तोंड उघडलं नाही, दोन्ही दिवस सोललाही नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली, माझा हात हातात घेतला आणि रडायला लागली. म्हणाली, "बाई, तू दोन महिने हे दाखवलं काऊन नाही?" मी दाखवत नव्हते हे खरं आहे. गिऱ्हाइकांपासून लपवायची सवय लागली होती, ती घरातही गेली.

आता मेसमधला पोरगा लसूण स्टीलच्या मोठ्या डब्यात घालून, झाकण दाबून जोरात हलवतो, अर्ध्याहून जास्त सालं आपोआप निघतात. उरलेला दोघं-तिघं मिळून सोलतात, कोणा एकाच्या बोटांवर रोज दोन किलो येत नाही.

15 डिसेंबरला पाठीवर पट्ट्या लावल्या. चार दिवस पाठ न भिजवता आंघोळ केली. दुसऱ्या तपासणीला डॉक्टरबाईंनी आरसा धरून दाखवलं: एकच चौकोन लाल, उठलेला, बारीक फोडांचा. लसणाचा. निकेलचा चौकोन स्वच्छ होता. ते पाहून मला फार बरं वाटलं, कारण निकेल निघालं असतं तर टाचण्या आणि कात्री कशी सोडली असती? कांदाही त्याच कुळातला आहे, तेव्हा कांदा चिरताना काय होतं ते बघत राहा म्हणाल्या. शिजलेलं खाऊन पूर्वी कधी काही झालं नाही, म्हणून जेवणातून काढला नाही.

औषध असं चाललंय. एक मलम 10 दिवस, मग एक दिवसाआड, आता बंद. युरियाचं क्रीम दिलं आहे, पण भेग उघडी असेल तर ते झोंबतं, म्हणून पहिले काही दिवस नुसती पेट्रोलियम जेली, तीही हात धुतल्यावर ओलसर असतानाच. हे मला माहीत नव्हतं, मी कोरड्या हातावर चोळत होते. भांड्यांना आत सुती मोजा आणि वर जाड रबरी. पाणी कोमट. काम करताना भेगेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळते. पट्टी रेशमाला अडकत नाही, हे मी पाच-सहा चिंध्यांवर घासून पाहिलं, मगच साडीला हात लावला.

मालवणच्या ताई स्वतः घरी येऊन कोकमतेलाची वडी देऊन गेल्या, पोहे खाऊन गेल्या. रात्री अंगठ्याला तेच लावते आणि धाकट्याचा जुना मोजा चढवते. डॉक्टरबाईंना विचारलं, चालेल म्हणाल्या.

मास्तरकाका, उजवी तर्जनी पहिल्या झटक्यात लागली. दुकानदार म्हणाला, आधी सांगायचं ना.

अंगठा आणि तर्जनी भरली आहे. नवी कातडी गुलाबी आणि पातळ आहे, अजून तिला कापड नीट कळत नाही. डोळे मिटून सुती आणि टेरिकॉट ओळखता येतं, शिफॉन आणि जॉर्जेट यांत चूक होते. मधल्या बोटाची नखाजवळची भेग बाकी आहे, मंगळवारी पुन्हा ओपीडीला जायचं आहे.

परत पाठवलेल्या दोन पैठण्यांपैकी एक काल आली. मी आधी तिला बोटं दाखवली, काय होतं आणि काय चाललंय ते सांगितलं. ती म्हणाली, लग्न 28 तारखेला आहे, घाई नाही. साडी कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवली आहे. मंगळवारनंतर काढेन.

---

काटोलचा_बागायतदार · 4 जानेवारी, रात्री 8:15

ताई, लय चांगलं झालं. आमचा बुधवारचा नंबर लागला आहे. बायकोले तुमचं सगळं वाचून दाखवलं. ती विचारून राहिली, ती कागदी पट्टी मेडिकलमध्ये काय म्हणून मागायची?

---

फॉलपिको_नंदनवन · 4 जानेवारी, रात्री 8:40

मायक्रोपोर म्हणून मागा, अर्ध्या इंचाची. बोटाला फार घट्ट गुंडाळू नका आणि ओली झाली की बदला. वहिनींना सांगा, डॉक्टरांकडे जाताना हात धुऊन, तेल न लावता जायचं. मी पहिल्या दिवशी भरपूर जेली लावून गेले होते, त्यांना आधी पुसावं लागलं, मग दिसलं.